हिरव्या नावाची मावशी

माझ्या या नोकरीला पगार नाही, रजा नाही आणि बढतीही नाही. ही नोकरी आहे, हेसुद्धा आमच्या घरात अजून कुणी मान्य केलेलं नाही. त्यामुळे दिवाळी अंकाकडून ‘तुमच्या कामातले अनुभव लिहा’ असा निरोप आला, तेव्हा मला वाटलं, ह्यांना फॉल-पिकोबद्दल हवंय. उस्मानपुऱ्यात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. मी मनातल्या मनात पहिलं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं: ‘साडी बाईला शोभा देते, पण साडीला सावरतो तो फॉल.’ मग कळलं की त्यांना माझं दुसरं काम हवंय. ते वाक्य फुकट गेलं. फुकट हा शब्द पुढंही येणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

दुसरं काम असं. मोबाइलवर किल्ल्यांचा एक खेळ आहे. दोन टोळ्या, दोन किल्ले. समोरच्याच्या किल्ल्यात घुसायचं, दिसेल त्याला गोळी घालायची आणि आपलं निशाण लावायचं. हा खेळ खेळणाऱ्या मराठी मंडळींचा ऑनलाइन मोठा गट आहे. त्या गटात निरनिराळ्या खोल्या आहेत आणि गप्पांच्या खोलीचं नाव ‘चावडी’. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं तिथं दिवसभर बोलतात, म्हणजे भांडतात. त्या भांडणांवर लक्ष ठेवायचं, शिवी दिसली की पुसायची, दमदाटी करणाऱ्याला समज द्यायची, तरी ऐकलं नाही तर त्याला दिवसभर, आठवडाभर किंवा कायमचं बाहेर काढायचं, हे काम करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. थोडक्यात मॉड. खेळ कंपनीचा, नफा कंपनीचा आणि मॉड हौशी. शाळेत बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला एका मुलीला उभं करायच्या, ती आठवा. तिला पगार नव्हता आणि मैत्रिणीही नव्हत्या. ती मी.

माझ्या वयाची बाई तिथं गेली कशाला, हे सगळे विचारतात. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, फोन उचलेना, पण खेळात मात्र रोज हजर. म्हणून ‘जेवलास का’ एवढं विचारायला मी खेळात शिरले. त्याच्या किल्ल्याच्या दारात उभी राहून मी तो प्रश्न टाइप करत होते आणि त्यानं मला गोळी घातली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, समोर आई आहे. पुढं त्याचं लग्न झालं, त्याचा खेळ सुटला, माझा काही सुटला नाही.

खेळात मी ‘सुई_दोरा’ हे नाव घेतलं होतं. त्यामुळे बरेच दिवस मी सगळ्यांची ‘सुई भाऊ’ होते. एकदा आवाजी बैठकीत मला बोलावं लागलं. माझा आवाज ऐकून कुणीतरी म्हणालं, “सॉरी, मावशी.” कशाबद्दल सॉरी ते सांगितलं नाही, पण त्या दिवशी चावडीवरचे बरेच जुने मेसेज भराभर पुसले गेले. मी नुसती हजर असले तरी शिव्या कमी होतात हे गट चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला मॉड केलं. मॉड झालं की तुमचं नाव पांढऱ्याऐवजी हिरवं दिसतं. एवढाच फरक.

आमचे हे वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथं युनियनचं काम करायचे.

“पगार?” त्यांनी विचारलं.

“नाही. नाव हिरवं होतं.”

“आणि ओव्हरटाइम केला तर? लाल?”

अगदीच काही मिळत नाही असंही नाही. खेळात वापरायला एक सोनेरी बंदूक मिळाली. ती झळकते, म्हणून शत्रूला मी लांबून दिसते आणि आधी मरते. एकदा कंपनीनं टी-शर्ट पाठवला, तो दुकानातल्या पुतळ्याच्या गळ्यातूनसुद्धा खाली उतरेना. एकदा प्रमाणपत्र आलं, त्यावर ‘श्री. सुई दोरा’ असं छापलेलं होतं. ह्यांनी ते देवघराशेजारी लावलं आणि आल्यागेल्याला ‘हे आमचे श्री’ म्हणून दाखवू लागले, तेव्हा मी काढून ठेवलं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मशीनला मोबाइल टेकवून चावडी बघत बसते. गिऱ्हाईक असलं तरी बघते, हे नसीम तुम्हाला सांगेल. नसीम माझी जुनी गिऱ्हाईक. दारातूनच विचारते, “बाजी, मेरा फॉल हुआ क्या, या अब्बी बी लड़ाई चलरी?” मी म्हणते, झालाय. मग ती साडी उलगडून बघते आणि तो झालेला नसतो.

या कामातलं मुख्य कसब म्हणजे भाषा. गोळ्या घालायच्या खेळात माणसं बोलणार काय? ‘उद्या तुला संपवतो’, ‘तुझ्या अख्ख्या टोळीला गाडतो’ हे तिथं नमस्कारासारखं बोललं जातं. त्याला घाबरायचं नसतं. उलट अगदी साध्या शब्दाला कधीकधी घाबरावं लागतं. कुठं घाबरायचं आणि कुठं नाही, एवढंच मॉडला कळलं पाहिजे, आणि ते मला फार कळतं असा माझा समज होता.

सुरुवातीला एका खेळाडूनं माझ्याबद्दल लिहिलं, ‘मावशी **** काम करते.’ शिव्या झाकायला तिथं एक यंत्र असतं, ते आपोआप चांदण्या टाकतं. मी काही विचारलं नाही, त्याला आठवडाभर बाहेर काढलं. परत आल्यावर त्यानं फार नम्रपणे खुलासा केला. त्यानं इंग्रजी अक्षरांत ‘फुकट’ लिहिलं होतं. त्या अक्षरांची सुरुवात यंत्राला इंग्रजी शिवीसारखी वाटली. म्हणजे माझं कौतुक करणाऱ्या आजवरच्या एकमेव माणसाला मी हाकलून दिलं होतं. त्यानंतर चावडीवर माझ्या कामाला ‘चांदण्यांचं काम’ असं नाव पडलं, ते आजही आहे.

आणखी एकदा दोन खेळाडू एकमेकांविरुद्ध तक्रारींवर तक्रारी करत होते. दोघांना समोरासमोर आणावं म्हणून आवाजी खोलीत बोलावलं, तर दोघांच्याही मागं एकाच कुकरची शिटी ऐकू आली. सख्खे भाऊ, एकाच घरात, दोन खोल्यांत. मी म्हटलं, स्वयंपाकघरात जा आणि मिटवा. मिटलं की नाही माहीत नाही, पण त्यांच्या आईनं माझा नंबर मागून घेतला आणि आता घरातली प्रत्येक तक्रार माझ्याकडं येते.

आमच्यातला एक मॉड ठाण्याचा आहे, खेळातलं नाव ‘दुर्बीण’. हुशार, नियम तोंडपाठ, पण मराठवाड्याची बोली त्याच्या डोक्यावरून जाते. ‘आत्ता भाकर हाणतो आन मग तुला हाणतो’ असं एकानं लिहिलं, तर दुर्बिणीनं दोन्हीकडं मारहाण म्हणून नोंद केली. मी दर गुरुवारी त्याचा तास घ्यायला लागले. म्हटलं, बाबा, आमच्याकडं भाकर हाणतात, गाडी हाणतात, झोपसुद्धा हाणतात, सगळ्यात रक्त निघत नाही. माझं माहेर लासूर स्टेशनच्या पलीकडचं, तेव्हा तिकडच्या शब्दांचं मला विचारत जा. तो बिचारा विचारू लागला. माझी छाती अशी फुगली की सोनेरी बंदुकीपेक्षा मीच जास्त झळकत होते.

आता तोफची गोष्ट सांगते, कारण हा सगळा लेख खरं तर त्या गोष्टीसाठीच आहे.

‘तोफ’ हे खेळातलं नाव. खरं नाव मल्हारी. त्याच्याबद्दल तेव्हा एवढंच माहीत होतं की लासूर स्टेशनकडचा आहे, बायको आहे आणि नेम पक्का आहे. दुपारी खेळायचा आणि खेळता खेळता अचानक गायब व्हायचा. टोळी किल्ल्याच्या दारात पोचलेली आणि हा नाही. अर्ध्यातून पळणाऱ्याला आमच्याकडं शिक्षा आहे, ती मी त्याला दर महिन्याला द्यायचे. कारण विचारलं की तो लिहायचा, “काम निघालं, मावशी. राम राम.” प्रत्येक मेसेजच्या शेवटी राम राम. कसलं काम ते कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एके दिवशी त्याची टोळी हरली आणि त्यानं लिहिलं, “कटाळा आला ह्या जिनगानीचा.” हरल्यावर असं सगळेच लिहितात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नसीमच्या साडीला पिको करत होते आणि चावडीवर तोफचा मेसेज आला:

“आज खेळाया येत नाय. ल्हान-मोठं समद्यांला आज औषध पाजून टाकतो, एक बी ठिवत नाय. मग मी मोकळा. राम राम.”

आपल्याकडं ‘त्यानं औषध घेतलं’ असं कुणी हळू आवाजात म्हणालं की ऐकणारा ‘कसलं’ असं विचारत नाही. ते फवारणीचंच असतं. माझ्या डोळ्यांपुढं लहान-मोठं सगळं घर आलं. कालची जिनगानी आली. शेवटचा राम राम आला. तो त्यानं आदल्या शंभर मेसेजांनाही लावला होता, हे मात्र आलं नाही. चावडीवर खाली कुणी अंगठा टाकला होता, कुणी ‘ओके भाऊ’ लिहिलं होतं आणि पुढं दुसऱ्याच किल्ल्याचं भांडण सुरू झालं होतं.

त्याचा नंबर टोळीच्या खोलीत होता. लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मी पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस शांत होता.

“तुमचं त्यांच्याशी नातं काय?”

“मी मॉड आहे त्यांची.”

“काय आहे?”

“मॉड. गेममध्ये… माझं नाव हिरवं असतं.”

“बाई, नातं सांगा.”

“मावशी,” मी म्हटलं. “मावशी आहे मी त्याची.”

त्यांनी नंबर घेतला. नंतर जो वेळ गेला त्यात मी नसीमच्या साडीला काय केलं ते तिनं आजवर माफ केलेलं नाही. शेवटी फोन आला. तेच गृहस्थ होते.

“ताई, भाचा ठीक आहे तुमचा. मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. अर्धी पाजून झाली होती. हात भरलेले, म्हणून फोन उचलला नाही.” मग म्हणाले, “तुम्ही फोन केला ते बरंच केलं. असं वाटलं तर करतच जा.”

आधी मला रडू आलं, कारण सगळे जिवंत होते. मग जे वाटलं त्याला नाव देता येत नाही. आमच्या वडिलांचीही मेंढरं होती. मी पाचवीत जाईपर्यंत आम्ही मेंढरांमागं फिरलो. पावसाळा लागायच्या आधी ल्हान-मोठं समद्यांला औषध पाजायचं असायचं, आणि कोकरांची तोंडं धरायचं काम माझं असायचं. नंतर वडिलांनी मेंढरं विकली, लासूरच्या बाजारात हमाली धरली, मी शिकले, लग्न होऊन शहरात आले. इथं कुणी माहेरचं विचारलं की मी सांगते, शेती होती. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, पुढचे प्रश्न नकोत म्हणून. पण म्हणता म्हणता मलाही तेच खरं वाटू लागलं असावं. नाहीतर तो मेसेज वाचून मेंढरांच्या बाईला मेंढरं सोडून बाकी सगळं आठवलं नसतं.

दुर्बिणीला मी ही हकिकत सांगितली. मॉडनं मॉडला सांगावं लागतं. तो फक्त एवढंच म्हणाला, “मावशी, मग गुरुवारचा बोलीभाषेचा तास आता कुणी घ्यायचा?”

तोफ चार-पाच दिवस दिसला नाही. मग एके दुपारी त्याचा मेसेज आला. चावडीवर नाही, मला एकटीला.

“मावशी, एक सल्ला पायजे. तुमी मोठ्या हाव म्हनून इचारतो. मी मेंढरंवाला हाय, कधी सांगितलं नाय, लोक हासत्यात. चार दिसामागं माझ्या वाड्यावर पोलीस आले. म्हनले, तुमच्या मावशीनं फोन केलाय, तुमी समद्यांला औषध पाजून मारनार म्हनून. मला एकच मावशी हाय, गंगापूरला. आई गेल्यावर तिनंच वाढिवलं. मागं तिचं माझं थोडं वाजलं व्हतं, पन ती असं करंल वाटलं नव्हतं. मी तिला फोनवर नाय नाय ते बोललो. तू मेली मला म्हनलो. माझी बायको सोनाली म्हनती, मावशी असं करायची नाय. तुमी सांगा, काय करू? राम राम.”

मशीन चालू होतं, ते मी बंद केलं. पोलिसांना ‘मावशी’ म्हणताना मला वाटलं होतं, एक सोपा शब्द सापडला. त्या शब्दाची खरी मालकीण गंगापूरला बसलेली असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, असा नियम आहे ना तुमचा?”

“आहे.”

“मग गप बस. पहिल्यांदाच तुझा नियम तुझ्या उपयोगाला येतोय.”

खरं होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. पण मी रात्रंदिवस लोकांना बाहेर काढते, तेव्हा त्यांना निदान कारण लिहून कळवते. अर्ध्यातून पळालास, शिवी दिलीस, असं. त्या बाईला भाच्यानं कायमचं बाहेर काढलं होतं आणि तिला कारणसुद्धा माहीत नव्हतं. शिवाय पाप माझं होतं. मी मल्हारीला लिहिलं, ‘तुझ्या मावशीचा पत्ता दे, मी जाऊन बोलते.’ त्यानं लगेच पत्ता दिला आणि हात जोडलेलं चित्र टाकलं. ते चित्र बघवेना.

ह्यांनी सोबत येण्याची तयारी दाखवली, पण मी एकटीच शेअरिंगच्या जीपमधून गंगापूरला गेले. मावशीचं नाव पारूबाई. गावाबाहेर पत्र्याचं घर, दारात दोन शेळ्या. ती ओसरीत लसूण सोलत बसली होती. हाडं मोठी, नजर सरळ.

“कोन तुमी?”

“मी… मल्हारीची मावशी.”

तिनं लसूण खाली ठेवला. “मला बहीन एकच व्हती. तिला अजून एक बहीन कवा झाली?”

मग मी सगळं सांगितलं. खेळ, किल्ले, चावडी, हिरवं नाव. तिनं मधे एकदाही टोकलं नाही, म्हणून मला वाटलं समजतंय. संपल्यावर तिनं विचारलं, “म्हंजी दुपारच्या पारी बाया-मानसं फोनवर एकमेकाला गोळ्या घालत्यात, आन तुमी कुनी शिवी देती का ते बगत बसता?”

“हो.”

“कोन पैसं देतं?”

“कुणी नाही.”

तिनं माझ्याकडं काळजीनं बघितलं. मी मोबाइल काढून मल्हारीचा मेसेज वाचून दाखवला. ल्हान-मोठं समद्यांला औषध पाजून टाकतो, एक बी ठिवत नाय.

“मंग?” ती म्हणाली. “जंताचंच की. पावसाच्या तोंडाला अजून कसलं पाजत्यात?”

“मला नाही कळलं.”

“तुमाला कसं कळंल. शहरातल्या तुमी.”

तिथं गप्प राहिले असते तर ते पटण्यासारखं होतं. पण मी बोलून गेले, “आमचीही मेंढरं होती. वडिलांची. मी पोरवयात औषध पाजायला धरू लागायचे.”

पारूबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. साडी, पर्स, चष्मा. “मेंढराची पोर तू,” ती म्हणाली. तुमीची तू झाली होती. “आन औषध म्हनलं की तुला मरानच दिसलं व्हय?”

ती मला रागावली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. मी मान खाली घालून म्हटलं, “विसरले मी, बाई.” तिनं सोललेला लसूण एका वाटीत गोळा केला, दाराला कडी घातली आणि म्हणाली, “चल.”

पुन्हा जीप. लासूर स्टेशनच्या अलीकडं एका शेतात मल्हारीचा वाडा पडला होता. मेंढरंवाल्यांचा वाडा म्हणजे शेतातला मुक्काम: जाळी लावून कोंडलेली मेंढरं, कडेला कापडाचं पाल, चूल, दोन घोडी. आम्ही बांधावरून येताना दिसल्यावर एक तरुण माणूस उभा राहिला. काळा, सडपातळ, अंगात क्रिकेटवाला जुना टी-शर्ट. त्याची नजर फक्त पारूबाईवर होती.

“मल्हारी, मी सुई-दोरा,” मी म्हटलं. आवाज त्यानं ओळखला. “पोलिसांना फोन मी केला होता. त्यांनी नातं विचारलं, मी मावशी म्हटलं. हिनं काही केलेलं नाही. हिला तर माहीतही नव्हतं.”

तो पारूबाईपुढं जाऊन उभा राहिला आणि तिथंच थबकला. शेवटी तीच म्हणाली, “मी मेले व्हते नव्हं? मंग भूत आलंय म्हन आन पाय धर.” त्यानं पाय धरले ते बराच वेळ सोडले नाहीत. तिनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. आवाज चांगला मोठा आला.

मग तो माझ्याकडं वळला. “मावशी, तुमाला इचारता आलं असतं. पोलीस आले म्हनून शेताचा मालक म्हनला, काय भानगड हाय, उद्याच्याला वाडा उठीव. सोनालीचा बाप तिला न्याया निघाला व्हता. त्या दोघांला कसं समजावलं माझं मला म्हाईत.”

फोन लावला होता, तू उचलला नाहीस, हे तोंडावर आलं होतं, पण ते तिथं फार बारीक वाटलं असतं. माझं चुकलं, एवढंच म्हणाले.

सोनाली तोवर चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं मला विचारलं, “त्या चावडीवर लई मानसं असत्यात म्हंता?”

“खूप.”

“आन ह्यांनी लिव्हलेलं समद्यांनी वाचलं?”

“वाचलं असेल.”

“फोन एकीनंच केला, व्हय?”

मल्हारी जमिनीकडं बघू लागला. मीही. तिनं चुलीवर चहाचं पातेलं ठेवलं.

चहा झाल्यावर पारूबाई पदर खोचून उठली. पोलीस आले त्या दिवशी राहिलेली मेंढरं अजून तशीच होती. “औषध कळत नाय म्हनतीस, तर ये, धर,” ती म्हणाली. हातांना आपोआप आठवेल असं मला वाटलं होतं. काही आठवलं नाही. पहिल्या कोकरानं सगळं औषध माझ्या साडीवर थुंकलं. दुसऱ्याचं तोंड मी फार वर केलं, त्याला ठसका लागला, तेव्हा पारूबाई ओरडली, “मारतीस काय त्याला, मंग खरंच पोलीस येतील.” मल्हारी हसला. त्या दिवसात पहिल्यांदा. पाजून झालेल्या मेंढरावर हिरव्या रंगाचं बोट ओढतात, पुन्हा पाजलं जाऊ नये म्हणून. शेवटी पारूबाईनं तेच बोट माझ्या दंडावर ओढलं. म्हणाली, “हिचं बी झालं.”

तो अधूनमधून खेळातून का पळतो, तेही त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. आम्ही बोलत असतानाच दोन मेंढरं जाळीखालून निसटली आणि शेजारच्या कपाशीकडं निघाली. मल्हारी अर्धं वाक्य टाकून धावला. त्याला दर महिन्याला दिलेल्या शिक्षा मला एकेक आठवल्या. तो परत आल्यावर मी त्या माफ केल्या. हिरव्या नावाला तेवढा अधिकार आहे.

आता तो पुन्हा खेळतो. चावडीवर सगळ्यांना सांगून टाकलंय की मी मेंढरंवाला. कुणी हसलं नाही. उलट पळून जायला सगळ्यांना निमित्त मिळालं, कुणीही अर्ध्यातून गेला की लिहितो, ‘मेंढरं कपाशीत शिरली.’ इंजिनिअरसुद्धा. दुर्बिणीनं मला विचारून तशी वेगळी नोंदच केलीय.

पारूबाई मला फोन करते. बोलण्याचा विषय एकच: पैसे मिळू लागले का.

मागच्या आठवड्यात दुकानात नसीम साडी घ्यायला आली होती. साडी झाली नव्हती. मी सबब शोधत असताना सोनालीचा आवाजी मेसेज आला, तो मी घाईत मोठ्यानं लावला. वाड्यावर नवीन कुत्र्याचं पिल्लू आलंय. दिवसभर उगं उगं भुंकतं, पण वाडा सोडून हलत नाही, म्हणून मल्हारीनं त्याचं नाव ‘मॉड’ ठेवलंय. मागं मेंढरं ओरडत होती, वाड्यावर आलेल्या पारूबाईचं काहीतरी चाललं होतं, आणि सोनाली हाका मारत होती, “ए मॉड, ये लवकर. ये की. भाकर खाऊन घे.”

“आले,” मी म्हटलं. मोठ्यानं. मशीनवरून अर्धी उठलेसुद्धा.

नसीम माझ्याकडं बघत राहिली. “किसने बुलाया, बाजी?”

मी खाली बसले, चष्मा पुसला.

“घर से,” मी म्हटलं. “हमारी मेंढरां हैं उधर.”